झोपेत माझा ऑक्सिजन ७१ वर जात होता

माझ्या मुलीच्या फोनमध्ये दोन मिनिटं दहा सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. त्यात मी उताणी झोपले आहे. सुरुवातीला घोरण्याचा आवाज येतो आणि मग तो एकदम थांबतो. पहिल्यांदा पाहताना मला वाटलं, चला, आता शांत झोप लागलेली दिसतेय. मुलगी म्हणाली, "आई, पोटाकडे बघ." पोट वर येत होतं तेव्हा छाती आत ओढली जात होती आणि पोट खाली गेलं की छाती वर. दोन्हींची हालचाल एकमेकींच्या उलट. नाकातोंडातून मात्र हवा जात-येत असल्याची काही खूण नाही. तिने वेळ मोजली होती. ३८ सेकंदांनी मी मोठा आचका दिला, घशातून फर्रकन आवाज करत श्वास ओढला, कुशीवर वळायचा अर्धामुर्धा प्रयत्न केला आणि पुन्हा घोरायला लागले. मला यातलं काहीही आठवत नव्हतं. सकाळी कोणी विचारलं असतं तर मी "झोप झाली" असंच सांगितलं असतं.

मी ५४ वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते. बीपीची गोळी नऊ वर्षांपासून चालू. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, त्यातली एक लघवी वाढवणारी. तरी सकाळचं बीपी १५०/९६ च्या आसपास. डोकं जड घेऊनच उठायचे, तासाभराने उतरायचं. रात्री तीनदा लघवीला उठावं लागे, त्याचा दोष मी त्या गोळीला दिला होता. दुपारी वह्या तपासताना अक्षरं पुसट व्हायची आणि लाल पेनाची एक तिरकी रेघ पानभर ओढली जायची. पाळी गेल्यानंतर असं होतंच, असं मैत्रिणी म्हणायच्या आणि मला ते पटायचं. या नऊ वर्षांत झोपेबद्दल मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच ठाऊक नव्हतं.

मग एका रात्री साडेतीनला छातीतल्या धडधडीने जाग आली. नुसतं जोरात धडधडणं नव्हतं ते. ठोके पडत होते, पण त्यांना ताल नव्हता. घसा कोरडा, श्वास अपुरा, मानेला घाम. दहा-बारा मिनिटांत सगळं निवळलं. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला तर तो अगदी नॉर्मल. इकोमध्ये हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत थोडी जाड झालेली दिसली, बीपी जुनं असलं की होते तशी. हृदयरोगतज्ज्ञांनी २४ तासांचं होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके सलग नोंदवणारं छोटं यंत्र, लावलं. छातीवर चिकटवलेले ते तारांचे तुकडे घेऊन मी शाळेत तास घेतले, घरी आले, झोपले.

होल्टरचा कागद बघताना डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. दिवसभराची लय स्वच्छ होती. पहाटे अडीच ते पाच या वेळात मात्र एट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय विस्कटण्याच्या, चार धावा होत्या. एक तर सहा मिनिटांची.

"दिवसा सगळं ठीक आणि बिघाड फक्त पहाटे," ते म्हणाले. "तुम्ही घोरता का?"

मला राग आला. छातीचं दुखणं घेऊन आलेल्या बाईला हे काय विचारतात, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. घोरणं पुरुषांचं, ही समजूत माझ्याही डोक्यात घट्ट बसलेली होती. "थोडंफार असेल," एवढंच बोलले. शेजारी बसलेल्या यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेही गप्प राहिले. यांची झोप इतकी गाढ की घरात काही पडलं तरी कळत नाही. म्हणूनच त्या आठवड्यात मुलगी माझ्या खोलीत झोपायला आली आणि तो व्हिडिओ झाला. बायकांनी डॉक्टरांसमोर ही एक लाज बाजूला ठेवावी, असं मला फार मनापासून वाटतं. माझी नऊ वर्षं तिच्यापायीही गेली असावीत.

घरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर होता. आम्ही लगेच लावून पाहिला. ९७. मुलीलाही हायसं वाटलं. पण जाग्या माणसाच्या आकड्याचा झोपेतल्या आकड्याशी काही संबंध नसतो, हे पुढे झोपविकारांच्या डॉक्टरांनी समजावलं. जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात आणि श्वासाची वाट उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. जीभ मागे जाते, टाळू खाली येते, आणि ज्यांचा घसा मुळातच अरुंद आहे त्यांची वाट मिटते. फुप्फुसं चांगली, छाती श्वास ओढण्यासाठी धडपडतेय, फक्त वरचं दार बंद. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. मी लठ्ठ नाही, म्हणून मला हे असणार नाही, असं आमच्या घरात सगळ्यांनी धरलं होतं. डॉक्टरांनी मानेचा घेर टेपने मोजला, तोंड उघडायला सांगून घसा पाहिला आणि मग बाजूने माझा चेहरा न्याहाळला. माझा खालचा जबडा लहान आणि जरा मागे आहे. जिभेला जागाच कमी. वजन हे मोठं कारण आहेच, पण एकमेव नाही.

एक छोटी प्रश्नावलीही भरून घेतली, एपवर्थ स्केल नावाची. बसून वाचताना, दुपारी आडवं झाल्यावर, गाडीत तासभर बसल्यावर अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, ० ते ३ गुण. दहाच्या वर गेलं की झोप जास्त येतेय असं धरतात. माझे १३ झाले.

स्लीप स्टडीची, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या झोपेच्या तपासणीची, रात्र मी विसरणार नाही. तंत्रज्ञ मुलगी शांत स्वभावाची होती. तिने केसांत भांग पाडून पाडून डोक्याच्या कातडीवर घट्ट मलमासारखी पेस्ट लावली आणि त्यात तारा बसवल्या. डोळ्यांच्या कडांना दोन, हनुवटीवर, पायांच्या पोटऱ्यांवर, छातीवर. एक पट्टा छातीभोवती आणि एक पोटाभोवती. नाकाखाली हवेचा दाब मोजणारी बारीक नळी. घशावर घोरणं टिपणारा इवलासा माइक. शेवटी उजव्या हाताच्या बोटावर ऑक्सिजनचा चिमटा. मी म्हटलं, "अशा अवतारात मला झोप लागणारच नाही." ती म्हणाली, "काकू, सगळे असंच म्हणतात."

दिवा मालवल्यावर पांघरुणाच्या आत माझं बोट लाल दिसत होतं. रक्तातला ऑक्सिजन त्या उजेडातूनच मोजला जातो. चिमट्यातून लाल आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून पार जातात. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, आणि दर ठोक्याला उसळणाऱ्या रक्तावरून यंत्र टक्का काढतं. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधली. मी त्या लाल उजेडाकडे पाहत पडले होते, इतकंच आठवतं. यंत्राच्या नोंदीप्रमाणे मी ५ तास ४० मिनिटं झोपले.

अहवाल आला. सगळ्यात वर ठळक अक्षरांत एएचआय २२, 'मध्यम'. एएचआय म्हणजे तासाभरात किती वेळा श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा बराच उथळ झाला, ती संख्या. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि पुढे तीव्र. मध्यम वाचून मी सुटकेचा श्वास सोडला. हे तर म्हणाले, "चला, फार काही नाही." डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं, अहवालाचं दुसरं पान उघडलं आणि कागद माझ्याकडे फिरवला.

त्या पानावर सबंध रात्रीचा ऑक्सिजनचा आलेख होता. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर टक्के. रात्री अकराला रेघ ९५ च्या आसपास सुरू झाली होती, मधूनमधून ९१, ९० पर्यंत उतरून वर येत होती, बारीक दातांच्या करवतीसारखी. एक वाजता दात थोडे लांबले होते. आणि तीन ते पाचच्या मध्ये ते दात नव्हतेच राहिले, सुळे झाले होते. ८२. ७८. ८०. ७४. सगळ्यात खाली ७१. वर येऊन रेघ ९३ ला टेकते न टेकते तोच पुन्हा खाली.

"ही रेम झोप," डॉक्टर म्हणाले. रेममध्ये स्वप्नं पडतात आणि मेंदू अंगाचे बहुतेक स्नायू ढिले सोडून देतो. घशाचेही. ही झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त येते. माझी सरासरी २२ होती, पण रेम सोडून उरलेल्या झोपेत ती १४ होती आणि रेममध्ये ५२. सरासरी काय काय पोटात घालते हे मी सातवीच्या मुलांना दर वर्षी फळ्यावर दाखवते. स्वतःच्या अहवालात ते मला दिसलं नव्हतं.

पुढची ओळ त्यांनी पेनाने अधोरेखित केली. ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असलेला वेळ, झोपेच्या १७ टक्के. मी मनातच हिशेब केला. ३४० मिनिटांचे १७ टक्के, जवळजवळ ५८ मिनिटं. एका रात्रीत एक तास. आणि अशा किती रात्री गेल्या, ते कोण सांगणार?

मला जे कळलं आणि जे सांगण्यासाठी मी हे लिहायला बसले, ते इथेच आहे. एएचआय ही मोजणी आहे. बारा सेकंद श्वास अडला तरी एक, पन्नास सेकंद अडला तरी एकच. ऑक्सिजन ३ टक्क्यांनी उतरला तरी एक आणि २० टक्क्यांनी उतरला तरी एकच. कोणी विहिरीत किती बुड्या मारल्या ते मोजलं, पण प्रत्येक बुडीत तो पाण्याखाली किती वेळ होता आणि किती खोल गेला ते विचारलंच नाही, तसं. डॉक्टरांनी 'हायपॉक्सिक बर्डन' हा शब्द सांगितला, म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्याचा एकूण भार. प्रत्येक वेळी रेघ नेहमीच्या पातळीखाली जाऊन जो खड्डा तयार होतो त्याचं क्षेत्रफळ काढायचं, सगळ्या खड्ड्यांची बेरीज करायची आणि झोपेच्या तासांनी भागायचं. खोलीही त्यात आली आणि कालावधीही. अली अझरबर्झीन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये दोन मोठ्या समूहांच्या नोंदी तपासून दाखवलं की हा भार जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. नुसत्या एएचआयवरून तो धोका तसा ओळखता येत नव्हता. क्षेत्रफळाची गोष्ट आहे म्हटल्यावर ती मला एका फटक्यात पटली.

"पण हृदयाचं काय होतं नेमकं?" मी विचारलं. त्यांनी पाठीमागच्या कागदावर एक वाकडी रेघ काढली. वर सपाट, मग एकदम उताराची. रक्तातला ऑक्सिजनचा दाब थोडा कमी झाला तरी हिमोग्लोबिन बराच वेळ आपला साठा धरून ठेवतं, म्हणून वरचा भाग सपाट. साधारण ९० टक्क्यांवर दाब ६० मिलिमीटरपर्यंत आलेला असतो आणि तिथून घसरण सुरू होते. म्हणून ९७ वरून ९२ वर येणं आणि ८७ वरून ८२ वर जाणं, वजाबाकी सारखीच असली तरी शरीराला सारखं नसतं.

मानेतल्या मोठ्या रोहिणीपाशी ऑक्सिजनवर नजर ठेवणारा एक छोटासा अवयव असतो. रक्तातला ऑक्सिजन उतरला की तो धोक्याचा इशारा देतो. रक्तवाहिन्या आवळतात, ॲड्रेनलिनसारखी रसायनं वाढतात, मेंदू किंचित जागा होतो, घसा उघडतो आणि त्याच क्षणी बीपी उसळतं. म्हणजे हृदयाला सगळ्यात जास्त जोर लावावा लागतो तो नेमका ऑक्सिजन सगळ्यात कमी असताना. एका रात्रीत शेकडो वेळा. माझ्या त्या रात्री साधारण सव्वाशे वेळा. हा ताण सकाळी उठल्यावर संपत नाही, म्हणून दिवसाचं बीपीही चढं राहतं, आणि तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्या बीपीमागे पुष्कळदा हा आजार सापडतो. ऑक्सिजन उतरणं, पुन्हा एकदम वाढणं, या चढउताराने रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तरालाही इजा होते.

आणखी एक गोष्ट होते, ती मला माहीतच नव्हती. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीच्या पोकळीत ओढ तयार होते, नळीचं एक टोक बोटाने दाबून दुसरीकडून ओढल्यावर होते तशी. हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंती पातळ असतात, त्या ताणल्या जातात. वर्षानुवर्षं ताणल्या गेल्या की तिथली लय बिघडायला जागा होते. आणि त्या ताणलेल्या कप्प्यातून एक संप्रेरक सुटतं, जे मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला सांगतं. माझं रात्रीचं तीनदा उठणं! एवढी वर्षं मी त्या गोळीला नावं ठेवत होते.

डॉक्टरांनी मला मूळ नोंदीतला एक तुकडा मोठा करून दाखवला. वरच्या ओळीत नाकातली हवा, खालच्या ओळीत बोटातला ऑक्सिजन. हवेची रेघ सपाट, म्हणजे श्वास बंद. मग एकदम मोठी लाट, श्वास सुरू. आणि ऑक्सिजनचा सगळ्यात खालचा बिंदू त्या लाटेच्याही वीसेक सेकंद पुढे. फुप्फुसातलं रक्त हृदयातून बोटापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. मी श्वास घ्यायला लागले होते, पण बोटापर्यंत ते अजून पोचलंच नव्हतं. त्या दोन ओळींमधल्या अंतराकडे मी किती वेळ बघत बसले, कोण जाणे.

घरी येऊन मी वाचायला लागले. २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला एक अभ्यास होता. अचानक हृदय बंद पडून गेलेल्या, आणि त्याआधी स्लीप स्टडी झालेल्या ११२ जणांचा. ज्यांना स्लीप ॲप्निया होता त्यांच्यापैकी ४६ टक्के मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात गेले होते. ज्यांना नव्हता त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के. याच संशोधकांनी २०१३ मध्ये दहा हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी पाहिल्या. रात्रीचा सर्वांत कमी ऑक्सिजन ७८ टक्क्यांच्या खाली जाणाऱ्यांमध्ये अचानक हृदय बंद पडण्याचा धोका वाढलेला होता. माझा ७१ होता. त्या रात्री मी दिवा चालू ठेवून बसून राहिले.

माझे वडील ६१ व्या वर्षी झोपेत गेले. त्यांचं घोरणं शेजारच्या खोलीत ऐकू यायचं. "झोपेत गेले, सुटले, काही त्रास नाही झाला," असं सगळे म्हणाले आणि त्याचा आम्हाला आधार वाटला. त्यांना काय झालं होतं हे आता कधीच कळणार नाही आणि मी काही ठरवतही नाही. पण ते वाक्य मला आता उच्चारवत नाही.

पुढच्या भेटीत यांनी एक प्रश्न विचारला, जो कोणाच्याही मनात येईल. "ऑक्सिजन कमी पडतोय ना, मग रात्री नळीने ऑक्सिजनच लावला तर?" डॉक्टर म्हणाले, दार बंद असताना बाहेर हवा कितीही चांगली असून काय उपयोग? ऑक्सिजनने आकडा थोडा सावरेल, पण घसा मिटणं, ती ओढ, ते दचकून जागं होणं तसंच राहील. २०१४ मध्ये हाच प्रश्न घेऊन एक चाचणी झाली. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या लोकांमध्ये बारा आठवड्यांनी सीपॅप नावाच्या यंत्राने २४ तासांचं बीपी उतरलं, नुसत्या ऑक्सिजनने उतरलं नाही.

सीपॅप म्हणजे मास्कमधून सतत थोड्या दाबाने हवा सोडणारं यंत्र. ती हवा आतून घशाला टेकू देते, मिटू देत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय प्रथम मांडला. माझ्यासाठी नऊ सेंटिमीटर पाण्याइतका दाब पुरतो असं दुसऱ्या रात्रीच्या तपासणीत ठरलं.

पहिला आठवडा वाईट गेला. यंत्र देणाऱ्या माणसाने एकच मास्क दाखवला आणि तो मला मोठा होता. नाकाच्या दांड्यावरून हवा निसटून डोळ्यांत जायची, पट्टा आवळला की सकाळी नाकावर लाल वळ. तोंड उघडं राहिलं की घसा कोरडा ठणठणीत. रात्री एकच्या सुमाराला मी झोपेतच मास्क ओढून काढायचे आणि सकाळी तो उशीखाली सापडायचा. यंत्रातल्या नोंदीत सरासरी वापर २ तास १० मिनिटं आणि एएचआय २. तो २ पाहून मी खूश झाले. डॉक्टरांनी तिथेच थांबवलं. "यंत्र फक्त लावलेल्या वेळेचं सांगतं. तुमचे सुळे किती वाजता आहेत?"

तीन ते पाच.

म्हणजे ज्या वेळेसाठी हे सगळं चाललंय त्याच वेळी मी मास्कविना झोपत होते. रात्री चार तास वापर झाला की पुरेसा, असं बऱ्याच ठिकाणी धरतात. अकरा ते तीन हेही चारच तास, आणि माझ्यासाठी ते जवळजवळ वाया गेलेले. हे कळल्यावर मात्र मी जिद्दीला पेटले. मास्क बदलून घेतला, लहान आणि नाकपुड्यांना टेकणारा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाक मोकळं राहण्यासाठी स्प्रे दिला. यंत्राला हवा ओलसर करणारी टाकी जोडली. आणि मुलीच्या सांगण्यावरून मी रोज संध्याकाळी वह्या तपासताना अर्धा तास मास्क लावून बसायला लागले, जागेपणी, म्हणजे शरीराला तो परका वाटू नये. मास्कची भीती वाटणाऱ्यांनी हे नक्की करून बघावं. मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. पाचव्या आठवड्यात मी पहिल्यांदा सकाळी सहाला मास्कसकट जागी झाले.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं होतं, "यामुळे मला हार्ट अटॅक येणार नाही ना?" त्यांनी हो म्हटलं नाही, आणि त्याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे. २०१६ मध्ये 'सेव्ह' नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७१७ जण त्यात होते. सीपॅप दिलेल्या गटात हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. पण त्यांचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता, आणि ज्यांचा ऑक्सिजन फारच खाली जायचा अशांना चाचणीत घेतलंच नव्हतं. त्यामुळे तिचं उत्तर सगळ्यांना लागू होईल असं नाही, आणि सीपॅप लावला म्हणजे हृदय सुरक्षित झालं असंही नाही. झोप सुधारते, दिवसाची पेंग जाते, बीपी थोडं उतरतं, ऑक्सिजन सावरतो, एवढं त्यांनी खात्रीने सांगितलं. मला तेवढं पुरेसं होतं.

तीन महिन्यांनी यंत्र लावून रात्रभर ऑक्सिमीटरची नोंद घेतली. सगळ्यात कमी ८९. नव्वदच्या खालचा वेळ एका मिनिटाहूनही कमी. आलेखात सुळे नाहीत, करवतही नाही, जवळपास सपाट रेघ. मी तो कागद जपून ठेवलाय. सकाळचं बीपी १२८/८२ वर आलं आणि डॉक्टरांनी एका गोळीचा डोस अर्धा केला. त्यांनी केला, मी मनाने नाही. रात्री लघवीला एखाद्या वेळी उठते. सहा महिन्यांनी केलेल्या होल्टरमध्ये विस्कटलेल्या लयीच्या दोन छोट्या धावा अजून होत्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, बहुधा राहील. जाड झालेली भिंत लगेच पातळ होत नाही.

हे अजूनही स्वतःला बोल लावतात. "मी शेजारीच होतो गं," एवढंच म्हणतात आणि पुढे बोलत नाहीत. आता रात्री कधी जाग आली तर हाताने चाचपून माझ्या मास्कची नळी जागेवर आहे ना ते बघतात. मला ते जाणवतं, मी डोळे उघडत नाही.

धाकट्या भावाचा जबडा माझ्यासारखाच आहे, वडिलांसारखा. आठ महिने मागे लागून त्याला स्लीप स्टडीला पाठवलं. परवा त्याचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, रिपोर्ट आला. एएचआय १२. सौम्य लिहिलंय."

मी म्हटलं, "छान. आता दुसरं पान उघड. नव्वदच्या खाली किती मिनिटं आहेत, ते मला वाचून दाखव."